मोनिकासाठी नवीन स्थळ

सद्दामनं माऊस हलवला, तोच पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उगवली. ‘मोनिकासाठी नवीन स्थळ! मुलगा पदवीधर, घरची शेती, केडगाव.’ खाली फोन नंबर.

“ह्येच त्ये!” भामाबाई दारातूनच म्हणाल्या. “पुतण्यानं मागंच काढून टाकलंय. तरी मेलं उगवतंच हाय.”

पत्रिका जुळवायचं ते फुकटातलं सॉफ्टवेअर त्यांच्या नवऱ्यानं, गेणबांनीच हट्टानं लेकीकडून लॅपटॉपवर घालून घेतलं होतं. फुकटचं कधी एकटं येतं का? त्याच्यामागून ही स्थळांची रांग लागली. मग एका सकाळी कुरकुंभच्या कंपनीत पाळीवर निघालेली मोनिका हायवेवरच अपघातात गेली. स्थळं मात्र येतच राहिली. लॅपटॉप टिंग वाजला की भामाबाई उठून चुलीकडं निघून जायच्या.

सद्दामचं दौंडात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. “मावशी, सॉफ्टवेअर गेलंय,” तो म्हणाला. “पर नोटिफिकेशनची परवानगी तशीच ऱ्हायलीय. ती काढली की बंद. काढू?”

“काढ बाबा. इचारतोस काय!”

“थांब जरा.” गेणबा खाटेवरून उठले. चष्मा चढवून पडद्याशी वाकले आणि मोबाइलवर एकेक आकडा दाबू लागले.

“आता कुनाला फोन?”

“ह्या पाव्हण्यांना. दारात आलेलं स्थळ बिनउत्तराचं धाडू न्हाई. समद्यांना सांगत आलोय.”

अर्ध्या ताटावरून उठून हा माणूस फोन घेऊन गोठ्यामागं का जातो, ते भामाबाईंना आज कळलं.

गेणबांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन स्पीकरवर होता.

“रामराम पाव्हणं. मोनिकाचा बाप बोलतोय. तुमचं स्थळ आलंय. चांगलं हाय. पर मुलगी दिली आमी.”

इथं बाकीचे ‘बरं बरं’ म्हणून फोन ठेवायचे. हा गृहस्थ बोलका निघाला.

“ब्येस झालं की! कुठं दिली?”

गेणबांनी बायकोकडं पाहिलं.

भामाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि फोन स्वतःकडं घेतला.

“लई लांब दिली, दादा. येनं-जानं व्हत न्हाई.”

“असू द्या, ताई. सुखात हाय न्हवं?”

“व्हय,” त्या म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी तो गेणबांच्या हातात दिला. त्यांचा हात मात्र सोडला नाही.

“काढ आता,” त्या सद्दामला म्हणाल्या.