करुणेचा गुलाबी रंग

बौद्ध अध्ययन विभागाच्या व्याख्यानाला एरवी चार माणसं आली तरी शिपाई चकित होऊन जास्तीचा पंखा लावी. त्या दिवशी खिडक्यांच्या कट्ट्यांवरही माणसं चढली होती. गणित विभाग झाडून सगळा आला होता. हा विभाग बंद करून तिथे वाहनतळ करावा असा अर्ज देणारे गृहस्थ पहिल्या रांगेत हात जोडून बसले होते.

टेबलावर काचेची कुपी, कुपीत मिरीएवढे निळे मणी. मागे परमाचार्य. ही पदवी त्यांना कोणी दिली हे कुणी विचारलं नव्हतं, कारण पाहुणे संशोधक म्हणून त्यांचा मुक्काम सुरू झाल्यापासून विभागाला गर्दी बघायला मिळत होती.

"हे एका अर्हताचे, म्हणजे मुक्त झालेल्या भिक्षूचे, अस्थिधातू," ते म्हणाले. "चितेतून उरलेले पवित्र अवशेष. आता निळे आहेत, म्हणजे ध्यानात आहेत. आपण जप करू, त्यांची करुणा जागी होईल."

त्यांनी कुपीचं बूच काढून ती वाफाळत्या पाण्याच्या वाटीवर धरली. सभागृह जप करू लागलं. हळूहळू मणी जांभळट झाले, मग चक्क गुलाबी. गणितवाले रडले.

"तिबेटी वृत्तांतात हेच लिहिलंय!" तिबेटीवाले सर ओरडले.

"सिंहलीतही! चिनी प्रवाशांनीही!" पालीवाले सर म्हणाले. हे दोघे कित्येक वर्षांत प्रथमच एकमेकांशी सहमत झाले होते, आणि खरं तर चमत्कार म्हणायचा तर तोच होता. पाच भाषांत एकच गोष्ट सापडली की ती घडलीच, अशी विभागाची पद्धत होती. पाचांनी एकमेकांची नक्कल केली असेल ही शंका ते फक्त दुसऱ्यांच्या शोधनिबंधांवर घेत.

मग परमाचार्यांनी दुसऱ्या कुपीतले निळे मणी पेलाभर पाण्यात टाकले. तड् तड् तड्!

"उपदेश सुरू आहे," ते डोळे मिटून म्हणाले.

"पाली," पालीवाले सर कुजबुजले.

"कसली पाली! चांगली संस्कृतमिश्रित आहे. शेवटचा तड् ऐका की नीट."

सहमती संपली.

"हे धातुजल," परमाचार्यांनी ते पाणी दुसऱ्या पेल्यात गाळून विभागप्रमुख बाईंपुढे धरलं. "रोज घ्या. गोळ्या फेकल्यात ना?"

"सकाळीच," बाई म्हणाल्या.

पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या भाचीने पर्स चाचपली. मधुमेहाच्या गोळ्यांचं पाकीट तिला सकाळी कचऱ्याच्या डब्यात दिसलं होतं, पण चुकून पडलं असेल असं वाटून तिने ते पर्समध्ये टाकलं होतं. विभागात ती संशोधक विद्यार्थिनी. इथे आत्याला 'मॅडम' म्हणायचं असा आत्याचाच कडक नियम.

आणि हे मणी ती आज प्रथमच जवळून बघत होती. बघितले, आणि ओळखले.

"आत्या, पिऊ नकोस!"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. नियम मोडल्याचाच धक्का मोठा होता.

"ते सिलिका जेल आहे. पोथ्यांच्या पेट्यांत दमटपणा शोषायला आपण ठेवतो तेच. कोरडं असलं की निळं, ओल शोषली की गुलाबी. गुलाबी झालं की मी ते चहाच्या खोलीतल्या ओव्हनमध्ये तापवते, पुन्हा निळं होतं. दर पंधरवड्याला."

विभागात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाकी सगळे पोथ्यांचे फोटो वाचत.

"बालिके," परमाचार्य हसले, "संशय हाच तुझा रोग."

"असेल. पण मधुमेह आत्याला आहे."

"ग्रंथाधार काय तुझ्या म्हणण्याला?" आत्याने विचारलं. पेला हातातच होता.

"किटली."

भाची पोथ्यांच्या खोलीतून निळ्या मण्यांचा डबा घेऊन आली आणि तिने वाटीवर मूठ नेली.

"माझ्या सान्निध्यात सामान्य मणीही जागे होतात," परमाचार्य घाईने म्हणाले.

"मग तुम्ही इथेच बसा. बाकीच्यांनी चला."

चहाच्या खोलीत सगळे कोंबले गेले. किटलीला उकळी आली, गाळणीतले मणी वाफेवर धरले. ना जप, ना परमाचार्य. गुलाबी! थोडे निळे कपातल्या पाण्यात टाकले. तड् तड्!

"आता कुठली भाषा हो?" गणितवाल्यांतून कुणीतरी विचारलं. पाली आणि तिबेटी दोघांनी छताकडे पाहिलं.

आत्या मात्र हटेना. "हे सारखं दिसतं, मान्य. पण पिऊ नये असं कुठे आहे?"

भाचीने कपाटातून सिलिका जेलचं एक न फोडलेलं पाकीट काढून तिच्या हातात दिलं. आत्याने चष्मा लावला. चिनी. जपानी. कोरियन. थाई. खाली इंग्रजी. सगळ्या भाषा तिला येत होत्या. पाकीट हातात घ्यायची वेळ कधी आली नव्हती.

"काय लिहिलंय?"

"'खाऊ नका,'" आत्या म्हणाली. "पाचही ठिकाणी."

"समांतर पाठ," तिबेटीवाले सर भारावून म्हणाले.

"निळा रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो, आत्या. तो विषारी आहे. आणि तो पाण्यात उतरतो."

आत्याने पेला मोरीत ओतला. मग ती तरातरा सभागृहात गेली. "परमाचार्य, वाटीतलं गरम पाणी काढा, आणि मग करुणा जागवा."

"आज धातू थकले आहेत."

"म्हणजे करुणेला गीझर लागतो. पोथ्यांच्या खोलीची पाहुण्यांची किल्ली इकडे द्या. 'धातूंची संख्या आपोआप वाढते' असं तुम्ही परवा म्हणाला होतात. आमच्या पेट्यांतली पाकिटं कमी का होत होती ते कळलं आता."

किल्ली मिळाली. परमाचार्यांच्या कपाळावर घाम आला होता. कोरडं राहणं त्यांनाही जमलं नाही.

भाचीने पर्समधली गोळी आणि साधं पाणी पुढे केलं. आत्याने गुपचूप गिळली.

"किती वर्षं शिकवतेय मी," ती पुटपुटली. "लोकांनी काय लिहून ठेवलं ते सांगतेय. ते खरं की खोटं हे विचारायचंच राहिलं बघ."

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी एवढंच करा: तो आपल्या घरी, आपल्या किटलीवर, बुवाला बाहेर बसवून करून बघा. झाला, तर तो चमत्कार नाही. नाही झाला, तर कुठे काय लपवलंय ते शोधा. आणि काहीही ठरो, डॉक्टरने दिलेली गोळी वेळेवर घ्या.