पडायची गादी

मी एक जुनी गादी आहे. राजाची गादी म्हटले की तुम्हाला सिंहासन आठवेल, मित्रांनो. पण मी बसायची गादी नव्हे, पडायची.

पिंजाऱ्याने मला भरघोस कापूस घालून शिवले ते एका नाटक मंडळीसाठी. नाटक असे : पुरातन काळचा एक राजा आणि शत्रुराज्याची राणी एकमेकांवर जीव टाकतात. शेवटच्या अंकात राजा लढाईत पडल्याची खोटी बातमी येते आणि राणी तटावरून उडी घेते. राजा धावत येतो, पाहतो, आणि तोही उडी घेतो. तट पुठ्ठ्याचा होता. त्याच्यामागे मी. समोर प्रेक्षक रडत, मागे मी धूळ उडवी.

सेनापतीचा विलाप संपेपर्यंत दोघांना माझ्यावर निपचित पडून राहावे लागे. विलाप लांबलचक होता. तटापुढे टाहो चाले, तटामागे कुजबुज.

"अहो, कोपर काढा. बरगडीत रुततंय."

"कोपर नाही, तलवारीची मूठ आहे."

"तलवार घेऊन मरायला कोणी सांगितलं होतं?"

मला हसू येई. पण कापसाने हसायचे कसे? फार तर एखादी शिवण उसवे.

राजाचा जीव राणीवर खरोखरच जडला होता. रंगमंचावर डरकाळ्या फोडणारा हा गडी, खाली उतरला की तिच्यापुढे नुसता ततपप करी. त्याला धीर यायचा तो मेल्यावरच, आणि तोही कोपराच्या भांडणात वाया जाई.

मग मंडळी मोडायची ठरली. शेवटचा प्रयोग झाला की राणी दूरच्या गावी, थोरल्या भावाकडे कायमची जाणार होती. त्या दिवशी राजा असा कोसळला की माझे दोन टाके तुटले.

"ऐकलंत का?"

"मी मेलेय."

"मीही. म्हणून तर विचारतोय. माझ्याशी लग्न कराल?"

तेवढ्यात तटापुढे सेनापतीने हात जोडून शेवटचे वाक्य टाकले, "महाराणी, स्वर्गातून एकदाच सांग, या दोन घराण्यांचं वैर आता संपलं ना?"

"हो!" राणी म्हणाली. आनंदाच्या भरात ती कुजबुजायचे विसरली.

सेनापती दचकून दोन पावले मागे सरला. प्रेक्षकांना वाटले, राणीचा आत्माच बोलला. टाळ्यांनी छत हादरले. सेनापती मात्र लग्नाच्या जेवणापर्यंत फुरंगटून होता, "इतकी वर्षं विलाप केला मी, आणि टाळ्या हिच्या एका अक्षराला!"

मंडळीचे सामान वाटले गेले तेव्हा मुकुट-तलवारींवर उड्या पडल्या. या दोघांनी मला तेवढी मागून घेतली. पुढे त्यांच्या घरी पलंग आला आणि मी माळ्यावर गेले. गुठळ्या झाल्या, उंदरांनी बिऱ्हाड केले. मनात म्हटले, आपला अंक संपला.

परवा मात्र त्यांची लेक बाळंतपणाला आली. मला खाली काढले, नव्याने पिंजले, उन्हात घातले आणि माझ्यावर नात निजवली. गादीला वारस मिळाला! वारसाने पहिल्याच सकाळी आपला अभिषेक आपणच उरकला.

"अहो, धावा, राज्य बुडालं!" राणी ओरडली. राजा फडके घेऊन धावला.

म्हणून सांगते मित्रांनो, घरच्या गादीला अधूनमधून ऊन दाखवा, चार फटके मारून धूळ झाडा. आणि मनातले बोलायला तटावरून उडी मारेपर्यंत थांबू नका. प्रत्येक तटाखाली गादी असतेच असे नाही.