संग्रहालयातली विहीर

रविवारी आमच्या कौशिकनं गाडी काढली आणि प्रताप नगरातून आम्हा दोघा म्हाताऱ्यांना थेट शहराबाहेरच्या ग्रामजीवन संग्रहालयात नेलं. "आई, असली गाव बनवलंय, मतलब जसंच्या तसं!" पोरगा जन्मापासून रेल्वेच्या क्वार्टरात वाढलेला. त्याला गाव काय कळणार, कपाळ!

मुखियाचं घर, देऊळ, कुंभाराचं चाक, सगळं सारवून-रंगवून चकाचक. फेटेवाला गाइड त्याच्या हिंदीत म्हणाला, "झालं, पूर्ण गाव बघितलंत."

"पूर्ण कसलं?" माझं डोकं फिरलं. "गावकुसाबाहेर आमची वस्ती असायची, ती कुठंय?"

कौशिकनं त्याला हिंदीत समजावलं. गाइड गोड हसला. "ती नकाशात नव्हती, माताजी."

उन्हानं जीव कासावीस झाला होता. चौकात विहीर दिसली, तसा आमच्या ह्यांनी पोहऱ्याला हात घातला. तोच पहारेकऱ्यानं शिट्टी फुंकली.

"ओ बाबूजी! विहिरीला हात लावायचा नाही! लांबून बघा!"

कौशिक चवताळला, मॅनेजरला बोलवा म्हणून ओरडू लागला. ह्यांनी पोहरा खाली ठेवला आणि त्याचा हात धरला.

"उगीच भांडू नको, बाळा. तू म्हणालास तेच खरं. गाव अगदी जसंच्या तसं आहे."