सुईत दोरा ओवणारी

आमचा धंदा उजेडाचा. कोणाचं लग्न असो, गाण्याचा कार्यक्रम असो, नाहीतर नव्या दुकानाचं उद्घाटन, भिंतीवर आणि हवेत रंगीत रेघा नाचवायला आम्हाला बोलावतात. आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा. तो लेझरचं मशीन चालवतो, मी गिऱ्हाइकांशी भांडते. त्याला भांडता येत नाही. कुणी काहीही म्हटलं की "चालेल" म्हणतो. या एका शब्दावर माझा फार दिवसांचा राग आहे आणि आता तो जाईल असं वाटत नाही.

माझ्या सासऱ्यांना दिसेनासं व्हायला लागलं ते मधोमध. माणसाच्या तोंडाकडे बघितलं की तोंडच पुसलं जायचं आणि मागची भिंत, खुंटीवरचा शर्ट, दाराची चौकट दिसायची. ते मला आवाजावरून ओळखायचे. मी गप्प असले तर बांगड्यांवरून, असं स्वतःच सांगून हसायचे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आहे तेही टिकणार नाही, जे दाखवायचं असेल ते लवकर दाखवून घ्या.

बाबा, म्हणजे माझे सासरे, एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. जन्मभर यंत्रांचे आराखडे काढले. माणसाचं चित्र म्हणून त्यांनी एकच काढलं, माझ्या सासूबाईंचं, आणि तेही ऑफिसातल्या ट्रेसिंग पेपरवर, शाईच्या पेनाने. सासूबाई सुईत दोरा ओवतायत. एक डोळा मिटलेला, ओठ किंचित पुढे, कानामागून सुटलेली बट, आणि उजव्या हाताच्या चिमटीत दोरा. माझ्या लग्नाआधीच त्या गेल्या. मला त्या या चित्रातच भेटल्या, आणि खरं सांगायचं तर फोटोंपेक्षा इथेच जास्त भेटल्या. चित्र बाबांच्या पलंगाशेजारी टांगलेलं होतं. आता ते दिसत नाही म्हणून बाबा येताजाता त्याच्या काचेला बोट लावायचे आणि मी ती काच पुसत बसायचे.

आमच्या घरामागे एका गोदामाची मोठी कोरी भिंत आहे. आम्ही मशीन तिच्यावरच तपासतो. एका संध्याकाळी नवऱ्याने आमच्या जुन्या लेझरने तिथे हिरवं वर्तुळ काढलं आणि मागच्या दारात बसलेले बाबा एकदम म्हणाले, "हे दिसतंय मला." मान जराशी तिरकी केली की काळ्या भिंतीवरची ती घराएवढी झगझगीत रेघ त्यांना दिसत होती. मग त्यांनी हळूच विचारलं, "तिला लावता येईल का रे तिथं?"

नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी चित्र कॉम्प्युटरवर घेतलं आणि रेघेवर रेघ गिरवायला बसला. तो असा मन लावून बसलेला मी क्वचितच पाहिलाय. गिरवून पुरं झालं आणि जुन्या मशीनने मान टाकली. धंद्यासाठी नवीन घ्यायचंच होतं. आता घाई झाली.

अंथरूण पाहून पाय पसरायचे हे आम्हाला कुणी शिकवायला नको. दुकानात तीन मशीन मांडलेली होती. महागड्याकडे आम्ही नुसतं बघितलं. मधलं बरं होतं, पण दिसायला किरकोळ. तिसरं स्वस्त आणि त्याच्या पाठीवर वॅटचा आकडा सगळ्यात मोठा. दुकानदाराने तिन्हींवर तेच ते नमुने लावून दाखवले. चांदणी, वर्तुळ, लाटा, उडणारा पक्षी. हे नमुने मशीनमध्ये आधीच भरलेले असतात आणि आमच्या धंद्यातले सगळे ते बघूनच माल घेतात. स्वस्तातल्या मशीनचा हिरवा रंग तर डोळे दिपवत होता. मी विचारलं, आपलं चित्र लावून बघायचं का? चित्र घरी कॉम्प्युटरमध्ये राहिलं होतं. परत यायचं म्हणजे दिवस मोडणार. चांदणी एवढी छान येतेय तर चित्रही येईल, नवरा म्हणाला. मलाही ते पटलं आणि आम्ही स्वस्तातलं उचललं. दुकानदार काही खोटं बोलला नाही, आम्हीच त्याला काही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी बाबांना न सांगता आम्ही चित्र लावून बघितलं. भिंतीवर सासूबाई आल्या, पण थरथरत. सगळं चित्र फडफडत होतं, बघून माझंच डोकं दुखायला लागलं.

लेझर रेघ काढत नाही, एक ठिपका पळवतो. आत दोन इवलेसे आरसे असतात, ते हलून ठिपका इतका भरभर फिरवतात की आपल्याला अखंड रेघ दिसते. चांदणीला दहा कोपरे, ती कुठल्याही आरशाला झेपते. बाबांच्या चित्रात केसन् केस होता. स्वस्तातल्या मशीनचे आरसे आळशी, एक फेरी संपवेपर्यंत सुरुवातीची रेघ विझून जायची. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, ते हे असं.

मी म्हटलं, उद्या परत कर. पण एकदा वापरलेलं मशीन कुठला दुकानदार परत घेतो? नवऱ्याने त्यावर उपाय काढला. चित्रातल्या रेघा कमी करायच्या. बारीक रेघा मशीनला जास्त जड जातात, म्हणून आधी दोरा गेला. मग सुई. फडफड थोडी कमी झाली. मग कानामागची बट, बाहीच्या चुण्या, मिटलेल्या डोळ्याच्या सुरकुत्या. प्रत्येक रेघ पुसताना तो माझ्याकडे बघायचा आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणायचा, "चालेल." शेवटी चित्र स्थिर झालं. भिंतीवर एक बाई उभी होती. सासूबाई आहेत असं समजून बघितलं तर सासूबाई होत्या.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. दिवेलागण झाल्यावर आम्ही त्यांची खुर्ची मागच्या अंगणात मांडली. ते मला म्हणाले, केस नीट आहेत ना माझे? मी म्हटलं, नवरदेवासारखे आहेत. नवऱ्याने चित्र लावलं.

बाबांनी मान तिरकी केली. डावीकडून बघितलं, मग उजवीकडून. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. पुष्कळ वेळाने त्यांनी विचारलं, "ही बाई कोण? आणि हवेत चिमटी कशाला धरलीय तिने?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो मशीनवर वाकलेला होता.

"कोणी नाही, बाबा," तो म्हणाला. "मशीनमधला नमुना आहे. तपासून बघतोय."

"असं होय. रेघ स्वच्छ आहे," बाबा म्हणाले. त्यांनी खुर्चीत पाठ टेकली आणि नजर भिंतीवरून काढून आमच्याकडे वळवली. "बरं, आता आपली लाव."

नवऱ्याने मशीन बंद केलं. तापलंय म्हणाला, उद्या लावू. मी वायर गुंडाळायला घेतली. बाबांना लागू नये म्हणून तो तसं बोलला होता, एवढं मला कळत होतं. बाबा "चालेल" म्हणाले आणि खुर्ची उचलायला स्वतःच उठले.

मग उद्याचा परवा झाला. आम्ही आपलं सांगत राहिलो की मशीन दुरुस्तीला टाकलंय. चांगल्या आरशांचं मशीन भाड्याने देणारा एकच माणूस आमच्या ओळखीचा. त्याला सगळे शेठ म्हणतात, पण आहे बिचारा साधा. लग्नांचा हंगाम चालू होता, त्याचं मशीन रोज कुठे ना कुठे लागलेलं. हंगाम उलटल्यावर तो स्वतः मशीन घेऊन आला आणि भाडंही नको म्हणाला. पण वरातीमागून घोडं. तोपर्यंत बाबांना दिवा लावलेला की विझलेला एवढंच कळत होतं.

तरी त्यांनी खुर्ची मांडायला सांगितली. दाढी मी करून दिली. नवऱ्याने सगळं चित्र लावलं, एकही रेघ न पुसता, आणि सासूबाई त्या भिंतीवर अशा उभ्या राहिल्या की मला रडू आवरेना. दोरा तेवढा लांब, सरळ, हलत नव्हता. बाबा तोंड वर करून बसले होते, भिंतीच्या जरा बाजूलाच.

"लागली का?" त्यांनी विचारलं.

"लागली, बाबा."

"बट आली?"

"आली."

"दोरा?"

"दोराही आला," नवरा म्हणाला. तो त्यांच्या खुर्चीजवळ खाली जमिनीवर बसला आणि एकेक रेघ सांगायला लागला, भुवई कुठून सुरू होते, बोट कुठे वळतं. बाबा मान डोलवत होते. चित्र त्यांनीच काढलेलं, तरी त्यांनी त्याला मध्ये थांबवलं नाही. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि चाचपत त्याच्या डोक्यावर ठेवला.

"त्या दिवशी तो नमुना लावला होतास," ते म्हणाले. "तीच होती ना?"

नवऱ्याने डोक्यावरचा त्यांचा हात धरून ठेवला.

"अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं. मान तिचीच होती. पण तू नमुना म्हणालास, म्हटलं असेल. सांगायचं होतंस रे. मी अजून जरा वेळ बघत बसलो असतो."