चार टक्के कॉस्टिक

आमच्या कागद केंद्रात सगळ्यात जपून ठेवलेली वस्तू म्हणजे केंद्र चालवणाऱ्या संस्थेने दिलेली पुस्तिका. बायकांच्या हातांसाठी मागितलेले रबरी मोजे दोन वर्षांत आले नाहीत, पण पुस्तिकेला प्लास्टिकचं कव्हर पहिल्याच आठवड्यात आलं. तिच्या सातव्या पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं की लगद्यात चार टक्के कॉस्टिक सोडा घालावा. पुस्तिका सुती चिंध्यांपासून कागद करणाऱ्यांसाठी होती, हेही तिथंच बारीक अक्षरांत होतं. आम्ही मात्र जव्हारबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आश्रमशाळांच्या जुन्या उत्तरपत्रिका आणि वर्तमानपत्रांची रद्दी भिजवत होतो. बारीक अक्षरं वाचायची कुणाला गरज वाटली नव्हती, आणि त्या कुणात मीही आले.

मी हर्षदा, तिथली पर्यवेक्षक. मास्तरांची मुलगी, रसायनशास्त्रात बीएस्सी. ही गोष्ट २००२ सालची. माझ्या हाताखाली अकरा बायका होत्या, मोखाड्याच्या वाटेवरच्या पाड्यांतून जीपला लटकून येणाऱ्या. त्यांतली पोशी टबापाशी उभी राहून लगदा मळायची, म्हणजे कॉस्टिकचा सगळा मार तिच्यावर. तिच्या बोटांची सालं निघायची. भेगांत पीठ जाऊन आग होते म्हणून तिच्या घरी नागलीची भाकरी सासू थापायची, आणि वर टोमणेही मारायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, हात कोरडे ठेव. लगदा मळणाऱ्या बाईला हा सल्ला!

एवढं करून कागद व्हायचा पिवळा. दोन-तीन महिन्यांतून एकदा संस्थेचे सल्लागार साहेब ठाण्याहून यायचे. ते म्हणाले, शाई नीट सुटत नाही, कॉस्टिक वाढवा. आम्ही पाच टक्के केलं. कागद आणखी पिवळा झाला आणि पोशीच्या नखांच्या कडा काळ्या पडल्या. मी मान डोलावून वहीत पाच टक्के लिहिलं; पुढच्या फेरीत साहेबांनीच ते पुन्हा पुस्तिकेप्रमाणे चारवर आणायला सांगितलं.

श्रावण संपता संपता पोशीने मला न विचारताच एक टब वेगळा लावला. रिठे उकळून त्याचं कोमट पाणी, त्यात मूठभर धुण्याचा सोडा, आणि रद्दी. कॉस्टिकचा कणही नाही. घोटायला लागल्यावर वर काळाकुट्ट फेस आला. त्या अकराजणींतली हिरी शेजारी बसून तो ताटलीने काढून टाकत होती, पुन्हा फेस येत होता, पुन्हा काढत होती. मग लगदा टोपलीत घालून वाहत्या पाण्याखाली धरला, कागद पांढरा करणारं पेरॉक्साइड नेहमीच्या निम्मं घातलं आणि गोणपाटाने झाकून ठेवला. मी रागावले तेव्हा पोशी शांतपणे म्हणाली की रानातला कडूकांद शिजवताना त्याला राख लावायचीच असते, नाहीतर कडू जात नाही, पण राख जास्त झाली की कांद काळा पडतो. बाकीचं काम राखेने नाही, पाण्याने करायचं असतं. हे तिच्या पाड्यावरच्या दहा वर्षांच्या पोरीलाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी फळीवरून वाळलेला कागद सोडवला तर तो तांदळाच्या पिठासारखा पांढरा होता. वर्तमानपत्रासारखा लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद जास्त कॉस्टिकमध्ये पिवळाच पडणार आणि पेरॉक्साइड वाया जाणार, हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे गुण मिळवले होते. साहेबांसमोर मात्र ते सगळं विसरले होते. मला माझीच लाज वाटली, आणि अजूनही वाटते.

पोशीने एकच मागणं मागितलं, की कॉस्टिकचं पिंप आता परत पाठवा. मी तिला शब्द दिला. रिठ्याच्या तीनशे कागदांचा नमुना संस्थेकडून एकदा मंजूर होऊ दे, मग साहेबांना सगळं सांगते आणि पिंप पाठवून देते. तोवर उगाच विषयाला तोंड फुटायला नको म्हणून रोजच्या वहीत मी लिहीत राहिले: कॉस्टिक चार टक्के. आठ आठवडे, रोज, माझ्या वळणदार अक्षरात.

दसऱ्यानंतर साहेब आले. त्यांनी कागद उजेडात धरला, बोटाने चोळला, वास घेतला. मग वही उघडली. चार टक्के कॉस्टिक घालून या रद्दीचा कागद इतका पांढरा होत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणजे ही दोन वर्षं तो पिवळाच होणार हेही माहीतच होतं! त्यांनी निष्कर्ष काढला तो असा, की बायकांनी बाजारातला कोरा कागद भिजवून मिसळला आणि संस्थेला फसवलं. ‘या बायकांच्या हातून एवढं पांढरं काम होणार नाही,’ असं ते माझ्याकडे बघून म्हणाले, जणू त्या बायका तिथं नव्हत्याच.

मी सांगून टाकलं की वही खोटी आहे, ती मी लिहिली, आणि कागद खरा आहे. साहेब म्हणाले, जी बाई वही खोटी लिहिते तिचा कागद खरा कसा मानायचा? त्यांनी हुकूम सोडला, ‘पुस्तिकेप्रमाणे माझ्यासमोर करून दाखवा.’

तेव्हा मी पोशीला बाजूला केलं आणि स्वतः काठीने कॉस्टिक कालवलं. डोळ्यांना झोंबत होतं. तासाभरात लगदा पिवळा पडला, व्हायचा तसाच. साहेबांचा चेहरा खुलला. ‘हा बघा तुमचा खरा कागद,’ ते म्हणाले. त्यांच्याच पुस्तिकेने त्यांनाच तोंडघशी पाडलं होतं आणि त्यांना वाटत होतं की आम्ही पकडल्या गेलो.

पोशीने शेजारी रिठ्याचा टब लावला. फेस काढला, लगदा धुतला, पेरॉक्साइड घातलं, झाकला. साहेब जेवून आले तोवर तिने जाळीच्या चौकटीवर कागद उचलला होता आणि उन्हात तापलेल्या पत्र्यावर वाळवलाही होता. साहेबांनी तो पांढरा कागद हातात घेतला. उलटसुलट करून पाहिला.

शेवटी म्हणाले, प्रयोग चांगला आहे. नमुना प्रयोगशाळेत पाठवू. समितीपुढे ठेवू. पुस्तिकेत दुरुस्ती व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतील, तोपर्यंत काम पुस्तिकेप्रमाणेच करायचं, नाहीतर पुढची रद्दी मिळणार नाही. आणि वही खोटी असल्यामुळे तीनशे कागद नामंजूर.

पोशीने हात लुगड्याला पुसले आणि पहिल्यांदाच थेट त्यांच्याशी बोलली.

“सायेब, दोन्ही टबांत लगदा हाय. तुमाला वाटंल त्या टबात हात घाला, नि शंभर मोजेस्तोवर ठेवा. मंग तुमी सांगाल तसं आमी करू.”

बाईमाणसाने असं विचारल्यावर नाही म्हणायची साहेबांना लाज वाटली असावी. त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं, बाही कोपरापर्यंत गुंडाळली आणि तरातरा रिठ्याच्या टबाकडे निघाले. दोन पावलं गेल्यावर आपण कुठं निघालोय ते त्यांच्या लक्षात आलं. ते थांबले. कुणी हसलं नाही. त्यांनी बाही खाली केली, बटण लावलं, आणि जीप चुकेल म्हणत निघून गेले.

त्याच संध्याकाळी मी आठ आठवड्यांच्या नोंदींवर रेघ मारली, खरं ते लिहिलं आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी कॉस्टिकचं पिंप ठाण्याला जाणाऱ्या टेम्पोत चढवलं.

पंधरा दिवसांनी मला संस्थेचं पत्र आलं. पुस्तिकेत दिलेली पद्धत का वापरत नाही, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा. मी पोशीच्या कागदावरच उत्तर लिहिलं, एका ओळीत: सल्लागार साहेबांनी स्वतःचा हात घालायला जो टब निवडला, त्याच टबात आमच्या बायका काम करतात.