बबडीचा पहिला शब्द

आमचा दादा भाषाशास्त्राचा प्राध्यापक. त्याच्या मते मूल भाषा जन्मतःच घेऊन येतं. वहिनीही त्याच विभागात. तिच्या मते ती कानावर पडूनच येते. पुराव्यासाठी बबडी जन्मल्यापासून टेबलावर रेकॉर्डर ठेवलाय. पहिल्या शब्दाची वाट बघत दोन विद्वान दीड वर्ष एकमेकांचं डोकं खाताहेत. पोरगी सांभाळायला मी आहे, अडाणी आत्या.

काल पुन्हा जुंपली. "रक्तातच असतं!" "घरातून येतं!" तेवढ्यात बबडी दुडुदुडु आली, वहिनीची बाही ओढून म्हणाली, "आई, भूक."

"शू!" दोघंही ओरडले. "रेकॉर्डिंग चालू आहे!"

मी तिला केळं सोलून दिलं.

संध्याकाळी त्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात त्यांच्याच आरडाओरड्याखाली बाकी सगळं बुडालं होतं. दादाने वहीत लिहिलं, 'मूल अजून बोलत नाही.'

"अरे, ती महिनाभर माझ्याशी..." मी तोंड उघडलं.

"शू!" दादा खेकसला.

बबडीनेही ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्यावर डोळे वटारले. "शू!"

हे रक्तातून आलं की घरातून, ते आता त्या दोघांनी खुशाल ठरवावं.