अंगठ्याएवढी जागा

सिद्धांतच्या हुडको वसाहतीतल्या दुकानात छापलेल्या स्टीलच्या पाट्या आठवड्याभरात परत आल्या. पाट्यांवर 'हाथ न लगाएँ' असं होतं. आता मधला 'न' गळाला होता. ठेकेदार ओमप्रकाशनं आवाज न चढवता सांगितलं की पाट्या विजेच्या पॅनलवर लागतात, आणि त्याची माणसं लिहिलेलं वाचून तसंच करतात. पुढचा माल असाच आला तर काम दुर्गच्या छापखान्यात जाईल.

सिद्धांतनं सगळं तपासलं. पत्रा घासलेला, थिनरनं पुसलेला. शाईत ती पक्की धरून ठेवणारं हार्डनर मापात. छापल्यावर भट्टीत नीट भाजलेला. बाकीची अक्षरं नखानं खरवडूनही हलेनात. मग त्यानं गळालेल्या जागेचा आकार पाहिला. लांबट गोल, जरा उजवीकडे कललेला. ओळखीचा वाटला. शाळेत असताना प्रत्येक पेपराला निघताना हाच आकार त्याच्या कपाळावर टेकायचा.

त्याचे वडील विद्याधर रोज आंघोळ-पूजा आटोपून, डोक्याला खोबरेल चोपडून दुकानात येत आणि छपाईसाठी मांडलेल्या प्रत्येक पत्र्यावर, बरोबर मधोमध, अंगठा टेकवून आशीर्वाद देत. तेलाचा हात लागला की तिथं शाई धरत नाही, हे शाईवाल्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. वडिलांना ते कसं सांगायचं, हे मात्र त्यानं सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी सिद्धांतनं धीर करून त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. दुसऱ्या दिवशी हातमोजे आणून दिले. विद्याधरांनी ते आवडीनं घातले आणि आशीर्वादापुरते काढले. रबरातून पोचत नाही म्हणाले.

शेवटी सिद्धांतची बायको नीरजा चहा घेऊन आली, ती सासऱ्यांजवळ थांबली.

"बाबा, तुम्ही कच्च्या पत्र्यावर आशीर्वाद देऊन राहिले. तो भट्टीत जळून जाते. भाजल्यावर द्या ना."

विद्याधरांनी कप खाली ठेवला. "मले आधी कावून नाही सांगितलं? इतक्या दिवसांचे जळाले म्हणजे."

नवा माल गेला. महिन्यानं ओमप्रकाश स्वतः आला, तेव्हा सिद्धांत धास्तीनं उठून उभाच राहिला. पण तक्रार नव्हती. रॉकेलच्या चिंध्यांनी घासूनही एक अक्षर निघालं नव्हतं. तेवढ्याच पाट्या आणखी हव्या होत्या. फक्त प्रत्येक पाटीवर मधोमध कोणाचा तरी तेलकट अंगठा होता. काही हरकत नाही, तो म्हणाला, पुसला की जातो.

तो गेल्यावर विद्याधर बराच वेळ आपल्या अंगठ्याकडे बघत बसले.

"हार्डनर कुठी ठेवून राहिला रे तू आजकाल?"